वर्षअखेरचा ताळेबंद

व्यापाऱ्याचें वर्ष दिवाळीच्या पाडव्याला उजाडतें, सरकारचें एप्रिलच्या पहिल्या तारखेस, आणि शेतकऱ्याचें मृगाच्या पहिल्या सरीबरोबर. शाळेचें वर्ष या तिघांहून निराळें. तें शेतकऱ्याबरोबर जूनमध्यें सुरू होतें, सरकारी आदेशांप्रमाणें चालतें, आणि संपतांना व्यापाऱ्याप्रमाणें त्यालाही ताळेबंद मांडावा लागतो. हा ताळेबंद मांडण्याचें काम मुख्याध्यापकाचें. एप्रिलच्या अखेरीस मुलें घरीं जातात, बांक भिंतीशीं रचले जातात, पिण्याच्या पाण्याची टाकी कोरडी पडते, आणि त्या ओस इमारतींत एकाच खोलींतील पंखा तेवढा फिरत असतो. या महिन्यांत त्या खोलींत डोकावून पाहण्याचा आमचा विचार आहे. कारण तेथें जें घडतें त्याचा संबंध आमच्या वाचकांच्या माजघराशीं वरवर वाटतो त्यापेक्षां पुष्कळच जवळचा आहे.

घरच्या वडील मंडळींस शाळेची वर्षअखेर म्हणजे प्रगतिपुस्तक एवढेंच ठाऊक असतें. एक मे रोजीं अथवा त्या सुमारास मूल तें घेऊन येतें, आजोबा चष्मा लावून गुण वाचतात, आजी देवापुढें साखर ठेवते, आणि विषय तेथें संपतो. परंतु त्या एका पुस्तकामागें मुख्याध्यापकाच्या टेबलावर कागदांचा केवढा ढीग असतो! निकालपत्रकें पडताळून पाहावयाचीं, दहावीच्या उत्तरपत्रिका वेळेवर तपासून नियामकाकडे पोंचल्या कीं नाहीं तें पाहावयाचें, दाखले लिहावयाचे, जनरल रजिस्टर पुरें करावयाचें, 'सरल' आणि 'यू-डायस' या संगणकीय नोंदींत प्रत्येक मुलाची माहिती भरावयाची. शिवाय डोक्यावर संचमान्यतेची टांगती तलवार असतेच. पटावर मुलें किती यावरून शाळेस शिक्षक किती मिळावयाचे हें ठरविणें म्हणजे संचमान्यता. पट घटला कीं शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो आणि त्याला दुसरी शाळा शोधावी लागते. म्हणूनच मे महिन्याच्या भर उन्हांत छत्री घेतलेले शिक्षक पांचवीसाठीं आणि आठवीसाठीं नवीं मुलें मिळविण्याकरितां दारोदार हिंडतांना दिसतात.

इतकी यातायात झाल्यावर मुख्याध्यापकाला जो तो एकच प्रश्न विचारतो: "यंदा निकाल किती टक्के?" संस्थेचे चिटणीस हेंच विचारतात, पालक हेंच विचारतात, आणि वाण्याच्या दुकानावर भेटलेला माजी विद्यार्थीही हेंच विचारतो. शंभर टक्के असेल तर फाटकावर कापडी फलक लागतो. नसेल तर मुख्याध्यापक त्या दिवशीं मागच्या वाटेनें घरीं जातो. तेव्हां ज्या आंकड्यावर एका वर्षाची अब्रू अवलंबून ठेविली जाते, तो आंकडा कशाचा बनलेला आहे हें एकदां पाहिलें पाहिजे.

राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेचा निकाल २०१८ सालीं ८९.४१ टक्के लागला. २०१९ सालीं तो ७७.१० वर उतरला, आणि २०२० सालीं ९५.३० वर चढला. महाराष्ट्रांतील मुलांची बुद्धि एका वर्षांत बारा अंशांनीं मंदावली आणि दुसऱ्या वर्षीं अठरा अंशांनीं तल्लख झाली, असें कोणी म्हणेल काय? खरी गोष्ट अशी कीं, भाषा आणि सामाजिक शास्त्रें या विषयांत शाळेच्या हातीं असलेले वीस वीस गुण २०१९ च्या परीक्षेंत काढून घेतले होते, ते पुढच्या वर्षीं परत मिळाले; त्यांत साथीमुळें २०२० सालचा भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे गुण सरासरीनें दिले गेले. २०२१ सालीं तर लेखी परीक्षा मुळींच झाली नाहीं, आणि त्याच वर्षीं निकाल ९९.९५ टक्के लागला! यावरून परीक्षा निरर्थक आहे असें आमचें म्हणणें नाहीं. १८५९ सालीं मुंबई विद्यापीठानें मॅट्रिकची पहिली परीक्षा घेतली आणि न्यायमूर्ति रानडे तींतून उत्तीर्ण झाले, तेव्हांपासून या परीक्षेनें कित्येक गरीब घरांच्या दारांना कडी काढून दिली आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, टक्केवारी हें माप हवेप्रमाणें फुगतें आणि आकसतें. त्यानें शाळा मोजूं नये.

परंतु या मापांतील खरा दोष याहून खोल आहे. टक्केवारी काढावयाची तर खालीं छेद लागतो, आणि हा छेद म्हणजे परीक्षेस बसलेलीं मुलें. बसलींच नाहींत त्या मुलांना या गणितांत जागा नाहीं. ज्याला निकाल वाढवावयाचा आहे त्याच्यापुढें म्हणून दोन मार्ग असतात. एक, अंश वाढविणें, म्हणजे मुलांना शिकविणें. हा मार्ग लांबचा आणि घाम काढणारा. दुसरा, छेद कमी करणें. आठवीपर्यंत मुलाला मागें ठेवण्याचा प्रसंग थोडा; त्यामुळें चाळण लागते ती नववींत. कच्च्या मुलाच्या बापाला एप्रिलमध्यें बोलावून सांगण्यांत येतें, "याला यंदा नववींतच ठेवूं, नाहीं तर दाखला घेऊन जा, अथवा पुढें सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा." सतरा नंबरचा फॉर्म ही वस्तुतः चांगली सोय आहे. ज्याची शाळा सुटली त्याला खाजगी रीतीनें परीक्षेस बसतां यावें म्हणून ती केलेली आहे. पण सुटलेल्याला आंत घेण्याची वाट आंत असलेल्याला बाहेर काढण्यास वापरली, म्हणजे औषधाचें विष होतें.

संस्कृत शिकविण्यांत आयुष्य गेल्यामुळें असल्या प्रसंगीं आम्हांस जुन्या नाटकांची आठवण होते. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'च्या पहिल्या अंकांत गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांचा तंटा आहे. दोघांत श्रेष्ठ कोण तें कसें ठरवावें? परिव्राजिका कौशिकी अशी तोड काढते कीं, विद्या अंगीं असणें निराळें आणि ती दुसऱ्याच्या अंगीं उतरवितां येणें निराळें; तेव्हां शिष्यांचें कौशल्य पाहून निवाडा करावा. आजची निकालाची पद्धति हीच होय. पण त्याच वादांत आणखी असाही एक विचार निघतो कीं, अपात्र शिष्य पत्करणें हेंच मुळीं आचार्याच्या बुद्धीचें उणेपण दाखवितें. राजवाड्यांतील नाट्यशाळेला हा विचार शोभेल. तेथें मालविकेसारखी शिष्या निवडून घेतां येते. गांवच्या माध्यमिक शाळेला निवडीचा अधिकार नाहीं, आणि नसावाच. दारांत येईल तें मूल आपलें, हा तिचा धर्म आहे. निवडून घेतलेल्या मुलांच्या शंभर टक्क्यांत शाळेचें कर्तृत्व किती आणि निवडीचें किती, हें विचारण्याचें धैर्य समाजानें केलें पाहिजे.

येथें मुख्याध्यापकांवर अन्याय होऊं नये म्हणून एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. जो मनुष्य नववींत चाळण लावतो तो दुष्ट असतो असें नाहीं. निकाल घसरला कीं पुढच्या वर्षीं चांगल्या घरचीं मुलें शेजारच्या शाळेंत जातात, पट घटतो, पट घटला कीं वीस वर्षें बरोबर काम केलेला सहकारी अतिरिक्त ठरतो. त्या सहकाऱ्याचीं मुलेंबाळें मुख्याध्यापकाच्या डोळ्यांसमोर असतात. एका बाजूला एका कच्च्या मुलाचें भवितव्य, दुसऱ्या बाजूला एका कुटुंबाची स्थिरता, आणि मध्यें हा एकटा गृहस्थ, हातांत लाल शाईचें पेन घेऊन बसलेला. त्याला असल्या कैचींत धरणारे हात आपलेच आहेत. कारण "निकाल किती टक्के" हा प्रश्न आपणच विचारीत आलों आहों.

आतां जीं मुलें छेदांतून गळलीं त्यांची नोंद कोठें असते? ती जनरल रजिस्टरांत असते. शाळेंतील सर्वांत जाड, सर्वांत जुनें आणि सर्वांत कमी वाचलें जाणारें हें पुस्तक. प्रत्येक मुलाला एक ओळ: नांव, आईचें नांव, जन्मतारीख, पूर्वीची शाळा, प्रवेशाची तारीख, प्रगति, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, शाळा सोडल्याचें कारण आणि शेरा. जुनीं रजिस्टरें उघडून पाहिलीं तर प्रगतीच्या रकान्यांत पानेंच्या पानें 'समाधानकारक' आढळतें, वर्तणुकीच्या रकान्यांत 'चांगली', आणि शाळा सोडल्याच्या कारणाच्या रकान्यांत 'पालकांचे विनंतीवरून'. जो मुलगा बापाच्या बदलीमुळें गेला तोही पालकांचे विनंतीवरून, आणि जी मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठीं घरीं बसली तीही पालकांचे विनंतीवरून. कायद्याच्या दृष्टीनें यांत असत्य कांहीं नाहीं, अर्ज बापाच्या सहीचाच असतो. परंतु व्यापारी आपल्या वहींत बुडीत खातें निराळें ठेवतो, आणि कोणती उधारी कशानें बुडाली हें त्याला तोंडपाठ असतें. शाळेच्या वहींत मात्र बुडीत खातें नाहीं. सगळीं खातीं एकाच वाक्यानें मिटतात. हल्लींच्या संगणकीय नोंदींत, ज्या मुलाचा पुढील वर्षीं कोणत्याच शाळेंत पत्ता लागत नाहीं त्याचें नांव 'ड्रॉप बॉक्स' नामक पेटींत जाऊन पडतें. पेटी आली हें बरें झालें. पण तींतील नांवाच्या घरीं पायीं कोणी जावयाचें, हा प्रश्न पेटीनें सुटत नाहीं.

भवभूतीनें या बाबतींत आम्हां शिक्षकांस एक धडा घालून ठेवला आहे. 'उत्तररामचरिता'च्या दुसऱ्या अंकाच्या आरंभीं आत्रेयी नांवाची तापसी दंडकारण्यांत वनदेवतेस भेटते. वाल्मीकींचा आश्रम सोडून ती अगस्त्यादि ऋषींकडे वेदान्त शिकण्यास निघालेली आहे. इतर मुनि ज्या ठिकाणीं शिकण्यासाठीं येतात तें सोडून तूं इकडे कां, असें वनदेवता विचारते. आणि आत्रेयी एक सोडून दोन कारणें सांगते. पहिलें कारण, कुश आणि लव हे सहाध्यायी इतके तीव्र बुद्धीचे कीं त्यांच्याबरोबर धडा घेणें तिला झेपेना. दुसरें कारण, गुरु स्वतः रामायणाच्या रचनेंत गढून गेले. गुरु हुशारास आणि मंदास विद्या सारखीच देतो पण फळ मात्र सारखें येत नाहीं, या अर्थाचा जो प्रसिद्ध श्लोक शिक्षकमंडळी स्वतःच्या समाधानासाठीं वरचेवर म्हणत असतात, तो याच प्रसंगांतील. परंतु तो कोणाच्या तोंडीं आहे इकडे आमचें लक्ष सहसा जात नाहीं. तो कोणा आचार्याच्या तोंडीं नाहीं. शाळा सोडून निघालेल्या विद्यार्थिनीच्या तोंडीं आहे. जो श्लोक गुरूच्या समर्थनार्थ वापरला जातो तो वस्तुतः शिष्येचा खरा दाखला आहे. भवभूतीच्या रजिस्टरांत 'पालकांचे विनंतीवरून' असें लिहिलेलें नाहीं. वर्गाची चाल फार जलद, आणि गुरुजींना सवड नाहीं, असें स्पष्ट लिहिलें आहे. आजचे गुरुजी रामायण रचीत नाहींत, माहिती भरीत असतात, इतकाच काय तो फरक. आणि आत्रेयीला अरण्य ओलांडून दुसऱ्या गुरूकडे जाण्याची मोकळीक तरी होती. आजच्या आत्रेयीला बहुधा धुणें-भांडीं असतात.

या मुलांची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे. नामदार गोखले यांनीं १९११ सालीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळांत मांडलें. तें नामंजूर झालें. १९१७ सालीं कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं आपल्या संस्थानांत तीच गोष्ट हुकुमानें केली. १९१९ सालीं भाऊराव पाटील यांनीं रयत शिक्षण संस्था काढली आणि शाळेच्या जोडीला वसतिगृह उभें केलें. कारण मुलाची शाळा सुटते ती बहुधा वर्गांत सुटत नाहीं, घरीं सुटते, हें त्यांनीं ओळखलें होतें. शेवटीं २००९ सालीं शिक्षणाच्या हक्काचा कायदा होऊन तो १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. पण त्या कायद्याचें छत्र सहा ते चौदा या वयापुरतें, म्हणजे साधारणपणें आठवीपर्यंतच. नववीच्या उंबरठ्यावर कायद्याचा हात सुटतो. आणि नेमक्या त्याच वेळीं मुलाच्या हातांत काम करण्याइतकें बळ येतें, मुलगी घर सांभाळण्याइतकी मोठी दिसूं लागते, आणि गणित अवघड होतें. तिन्ही गोष्टी एकाच वर्षीं येतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें २०३० पर्यंत माध्यमिक शाळेपर्यंत सर्व मुलें आणण्याचें ध्येय ठेविलें आहे; तें स्तुत्यच आहे. परंतु ध्येय दिल्लींत ठरलें तरी नववीची मुलगी आपल्या आळींतच राहते.

एका तालुक्याच्या गांवीं आम्हीं कांहीं वर्षें संस्कृत शिकविलें. तेथील मुख्याध्यापक गणिताचे. त्यांच्या खणांत एक शंभर पानी वही असे. वर नांव नाहीं, विषय नाहीं. दरवर्षीं एप्रिलमध्यें ते दोन वर्षांपूर्वींच्या आठवीची हजेरी काढीत, ती दहावीच्या यादीशेजारीं ठेवीत, आणि जें नांव पहिलींत आहे पण दुसरींत नाहीं तें या वहींत उतरवून घेत. नांवापुढें एकच रकाना: 'खरें कारण'. तो रकाना खोलींत बसून भरतां येत नसे. त्यासाठीं ते मे महिन्यांत संध्याकाळीं बाहेर पडत. नवीं मुलें शोधणारे शिक्षक पुष्कळ पाहिले, पण गेलेलीं मुलें शोधणारा हा एकच गृहस्थ आमच्या पाहण्यांत आला.

एका वर्षीं आठवीच्या बावन्न मुलांपैकीं नऊ नांवें वहींत उतरलीं. चौघांचे दाखले दुसऱ्या शाळांनीं मागवून घेतलेले होते. त्यांची काळजी नव्हती. उरलीं पांच. दोघे चुलतभाऊ ऊसतोडणीच्या टोळीबरोबर गेलेले. दसरा-दिवाळीनंतर कुटुंबें कारखान्यांकडे निघतात तीं चैत्रापर्यंत परत येत नाहींत. दुसरें सत्र सबंध बुडतें. एक मुलगा गॅरेजांत लागला होता. एक मुलगी नववींत गणितांत नापास झाल्यावर लाजेनें आलीच नाहीं. आणि पांचवी मुलगी वर्गांत पहिल्या दहांतली, कांहीं कारण न दिसतां घरीं बसलेली.

या पांचवीच्या घरीं आम्हीही बरोबर गेलों होतों. आई चार घरीं भांडीं घासणारी, बाप परगांवीं, घरांत दोन वर्षांचा धाकटा भाऊ. मुख्याध्यापकांनीं उपदेश केला नाहीं, वेळा विचारल्या. "ताई, सकाळीं किती वाजतां जातां?" सकाळचीं तीन घरें सात ते साडेदहा. शाळा अकराची, तेव्हां तेथें अडचण नव्हती. "आणि चौथें?" चौथें घर दुपारचें, बारा ते अडीच. त्या अडीच तासांत मुलाजवळ कोणी तरी हवें, म्हणून मुलगी घरीं. "तें एक घर सोडलं तर भाडं निघत नाही, सर," ती म्हणाली. त्यांत रडगाणें नव्हतें, हिशेब होता.

चौथें घर गांवांतील एका प्रतिष्ठित वाड्यांतलें निघालें. तीन भावांचें एकत्र कुटुंब, घरांत दोन पदवीधर सुना, आणि नातू आमच्याच शाळेंत पहिला येणारा. मुख्याध्यापक तेथें गेले, सरबत घेतलें, नातवाची चौकशी केली, आणि मग सहज विचारावें तसें विचारलें कीं, दुपारचीं भांडीं संध्याकाळीं साडेपांचनंतर घासलीं तर चालेल काय? वडील मंडळी एकमेकांकडे पाहूं लागलीं. हेडसरांना आमच्या भांड्यांशीं काय करावयाचें, असा भाव. त्यांनीं दोन वाक्यांत हकीकत सांगितली. तेव्हां माजघराच्या दारांतून त्या घरच्या आजी म्हणाल्या, "अहो, भांडीं काय, पाण्यांत पडून राहतील. पण हें आम्हांला कोणी सांगितलंच नाहीं."

तें खरेंच होतें. कोणी सांगितलें नव्हतें, आणि कोणी विचारलेंही नव्हतें. त्या घरांत दुष्टावा नव्हता. वर्तमानपत्र येत होतें, मुलींच्या शिक्षणाविषयीं चर्चा होत होती, संक्रांतीला बाईला नवें पातळ मिळत होतें. परंतु एका मुलीची दहावी आणि एका वाड्याचीं दुपारचीं भांडीं एकाच घड्याळाच्या कांट्याला बांधलेलीं आहेत हें कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें. जूनमध्यें ती मुलगी शाळेंत आली.

सगळ्यांचें असें गोड झालें नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. ऊसतोडीच्या दोघांपैकीं एक आजीजवळ गांवीं राहिला व पुन्हां वर्गांत बसला. दुसरा गेला तो गेलाच. गॅरेजांतला मुलगा नम्रपणें म्हणाला, "सर, आता हातात पैसे येतात." त्याच्यासाठीं सतरा नंबरचा फॉर्म दोन वर्षें खणांत तयार होता, तो न्यावयास तो आला नाहीं. गणितांत नापास झालेली मुलगी परत आली. तिच्यासाठीं आणि तिच्यासारख्या आणखी सहा जणांसाठीं मुख्याध्यापकांनीं मे महिन्यांत सकाळीं आठ ते दहा व्हरांड्यांत अपूर्णांकापासून गणित घेतलें.

याची किंमत शाळेनें दिली. हीं मुलें दहावीस बसलीं त्या वर्षीं तिघें गणितांत राहिलीं. शाळेचा निकाल त्र्याण्णव टक्के लागला आणि शेजारच्या शाळेवर शंभर टक्क्यांचा फलक झळकला. चिटणिसांनीं खुलासा मागितला. मुख्याध्यापकांनीं लेखी खुलासा दिला नाहीं. ती वही त्यांच्यापुढें ठेविली. चिटणिसांनीं पानें चाळलीं, कांहीं ठिकाणीं थांबले, आणि कांहीं न बोलतां वही परत केली. राहिलेल्या तिघांपैकीं दोघें पुरवणी परीक्षेंत उत्तीर्ण झालीं. भांड्यांच्या घड्याळांतून सुटलेल्या मुलीला एकाहत्तर टक्के मिळाले. फलकावर तिचें नांव लागलें नाहीं. पहिल्या तिघांतच तें लागावयाचें असतें.

आतां कोणी म्हणेल, कच्च्या मुलाला वर ढकलणें हीही दयाच काय? नव्हे. न शिकवितां वर ढकलणें ही फसवणूक आहे, आणि न शिकवितां बाहेर काढणें हीही फसवणूकच आहे. दोन्हींत शिकविणें तेवढें टळतें. तिसरा मार्ग व्हरांड्यांत अपूर्णांकापासून सुरू होतो. दुसरा कोणी म्हणेल, पांच मुलांसाठीं एवढा खटाटोप कां? त्याला उत्तर असें कीं, राज्यांत दरवर्षीं पंधरा लाखांहून अधिक मुलें दहावीस बसतात. पण कोणत्याही एका शाळेंत गळणारीं मुलें नेहमीं पांच-सातच असतात. म्हणून तीं दिसत नाहींत, आणि म्हणूनच तीं परत आणणें एका माणसाच्या आवांक्यांतलें असतें. पांच घरें म्हणजे पांच संध्याकाळी.

तेव्हां आमच्या वाचकांस दोन विनंत्या कराव्याशा वाटतात. मुलासाठीं शाळा पाहावयास जाल तेव्हां निकाल किती टक्के हें अवश्य विचारा; पण त्याच्या जोडीला एवढें विचारा कीं, दोन वर्षांपूर्वीं आठवींत मुलें किती होतीं, त्यांतील किती दहावीस बसलीं, आणि बाकीचीं कोठें गेलीं. ज्या मुख्याध्यापकाला या प्रश्नाचें उत्तर नांवानिशीं देतां येईल त्याच्या शाळेंत आपलें मूल निर्धास्त घालावें; कारण उद्यां आपलेंच मूल कच्चें निघालें तर तो त्याला छेदांतून काढून टाकणार नाहीं, अशी तेथें खात्री आहे. कच्चीं मुलें दुसऱ्यांच्याच घरीं जन्मास येतात असा कांहीं नियम नाहीं.

दुसरी विनंती घरापुरती आहे. हा अंक हातीं पडेल तेव्हां प्रगतिपुस्तकें आलेलीं असतील, पेढे वांटून झाले असतील आणि शाळा उघडण्यास पांच-सहा आठवडे उरलेले असतील. आपल्या घरीं जी भांडीं घासते, जो दूध घालतो, जो वाड्याची झाडलोट करतो, त्यांच्या मुलांचीं नांवें आपल्या घरांत किती जणांस ठाऊक आहेत हें एके दिवशीं जेवतांना पाहावें. मग त्या बाईला विचारावें: मुलगी कितवींत आहे, जूनमध्यें जाणार ना, आणि जाणार नसेल तर कोणत्या वेळेची अडचण आहे? पैशाचा प्रश्न असेल तर तो निराळा. त्याला वह्या, फी, पास असे उपाय आहेत. पण पुष्कळदां प्रश्न केवळ वेळेचा असतो, आणि ती वेळ बदलणें सर्वस्वी आपल्या हातीं असतें. त्यासाठीं ना कायदा लागतो, ना वर्गणी. भांडीं तोंवर पाण्यांत पडून राहतील.